नेम पक्का, बाकी कच्चे

17 जुलै 2022 च्या संध्याकाळी अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या ग्रीनवुड पार्क मॉलमध्ये एका माथेफिरूने रायफलीतून गोळ्या झाडायला सुरुवात केली. तिघांचा बळी गेला. मैत्रिणीबरोबर खरेदीला आलेल्या 22 वर्षांच्या एका तरुणाने आपले पिस्तूल काढले आणि सुमारे 40 यार्डांवरून, म्हणजे 35 मीटरहून अधिक अंतरावरून, दहा गोळ्या झाडल्या. त्यातल्या आठ हल्लेखोराला लागल्या. हल्लेखोराची पहिली गोळी सुटल्यापासून पंधरा सेकंदांत या तरुणाने त्याला गाठले होते. त्याने ना पोलिसी प्रशिक्षण घेतले होते, ना लष्करी. नेमबाजी त्याला आजोबांनी शिकवली होती. विनापरवाना पिस्तूल जवळ बाळगण्याची मुभा देणारा कायदा इंडियानात लागू होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

‘घरच्या माणसाने शिकवले तेवढे पुरते, शिबिरांची चैन कशाला?’ असे म्हणणाऱ्यांना याहून चांगला दाखला सापडणार नाही. पण त्याच्या वर्षभर आधीची आणखी एक घटना आहे.

21 जून 2021. कोलोरॅडो राज्यातल्या आरवाडा गावात एकाने भर दुपारी एका पोलिसाला गोळ्या घालून ठार केले. जवळच्या दुकानात असलेला एक सामान्य नागरिक आपले पिस्तूल घेऊन बाहेर धावला आणि त्याने हल्लेखोराला अचूक टिपले. मग त्याने हल्लेखोराची रायफल उचलून हातात घेतली. एवढ्यात दुसरा पोलीस तिथे पोहोचला. समोर एक मृत सहकारी आणि रायफल हातात धरलेला अनोळखी माणूस. पोलिसाने गोळी झाडली आणि अनेकांचे प्राण वाचवणारा तो नागरिक मारला गेला. पुढे खुद्द तिथल्या पोलीसप्रमुखांनी त्याला वीर म्हटले.

त्याच्या धैर्यावर बोट ठेवण्याचा कुणालाच अधिकार नाही. मुद्दा वेगळा आहे. ग्रीनवुड असो की आरवाडा, नेम दोघांचाही चुकला नव्हता. आरवाडात घात झाला तो नेम लागल्यानंतरच्या काही क्षणांत. स्वसंरक्षणाच्या वर्गात जावे की नाही, यावर अमेरिकेतले हौशी बंदूकधारी वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर येतात; मात्र भांडण जवळजवळ नेहमी गोळी कशी झाडावी याच प्रश्नाभोवती फिरते. जिथे खरे अज्ञान आहे तिथे दोन्ही पक्ष फारसे वळत नाहीत.

बंदुकीची हौस म्हणजे तिकडे एकच प्रकार नव्हे. हरणाच्या शिकारीसाठी वर्षातून एकदा रायफल बाहेर काढणारा शेतकरी तिथे आहे, मातीच्या उडत्या चकत्या शॉटगनने फोडणारा निवृत्त शिक्षक आहे आणि जुन्या बंदुकांचा संग्राहकही आहे. 1987 साली स्थापन झालेल्या ‘सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी’चे सभासद तर काऊबॉयचा पोशाख चढवतात, टोपणनाव घेतात आणि एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरने पत्र्याच्या लक्ष्यांवर टणाटण गोळ्या मारतात. यांतल्या बहुतेकांना ‘स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण’ म्हटले की लष्करी खिशांची जाकिटे घालून गुडघ्यावर सरपटणारी पोक्त माणसे आठवतात आणि हसू येते. बंदुकीचे चार नियम पाळा, म्हणजे झाले, असे ते म्हणतात: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजा, जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नका, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा.

गंमत अशी, की हे चार नियम या स्वरूपात ज्याने रुजवले तो माणूस खेळाचा नव्हे, लढाईचा होता. जेफ कूपर हा अमेरिकी मरीन दलातला लेफ्टनंट कर्नल. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात त्याने पिस्तुलाच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. एका हाताने, श्वास रोखून, स्थिर वर्तुळावर नेम धरण्याची जुनी पद्धत मोडून दोन्ही हातांनी झटपट नेम धरण्याची नवी रीत या स्पर्धांतून घडली. 1976 साली मिसूरी राज्यातल्या कोलंबिया शहरात ‘आयपीएससी’ ही आंतरराष्ट्रीय संघटना जन्मली आणि कूपर तिचा पहिला अध्यक्ष झाला. अचूकता, जोर आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द तिचे ब्रीद बनले. त्याच वर्षी त्याने ॲरिझोनातल्या पॉल्डनजवळ पिस्तूलविद्येची शाळा काढली. आज ती ‘गनसाइट’ नावाने ओळखली जाते. तिथला पाच दिवसांचा पहिला वर्ग करायचा तर हजारभर गोळ्या लागतात आणि शुल्कही हजार डॉलरच्या पुढे जाते.

म्हणजे खेळ आणि स्वसंरक्षण एकाच घरात वाढले. मग घर फुटले. स्पर्धा म्हटली की चुरस येते आणि चुरस आली की साधने बदलतात. पिस्तुलांवर भिंगे चढली, झटका कमी करणारी तोंडे बसली, होल्स्टर नावापुरते उरले. अशी पिस्तुले मैदानावर सेकंदाचे दशांश वाचवत, पण सदऱ्याखाली लपवून ती कुणी बाजारात नेणार नाही. खुद्द कूपरच या वळणावर नाराज होता. अखेर 1996 मध्ये बिल विल्सन, केन हॅकथॉर्न आणि त्यांच्या साथीदारांनी ‘आयडीपीए’ ही निराळी संघटना काढली. तिचे नियम असे: रोज जवळ बाळगता येईल असेच पिस्तूल हवे, ते कपड्याआड असावे, गोळ्या झाडताना आडोसा घ्यावा. काही वर्षांत त्या खेळातही खास आयडीपीएसाठी शिवलेली जाकिटे दिसू लागली. जिथे गुण आणि घड्याळ आहे तिथे खेळाडू जिंकण्याचीच वाट शोधणार!

दोन्ही तंबूंनी एकमेकांना चिकटवलेली नावे मजेशीर आहेत. स्वसंरक्षणवाले स्पर्धकांना ‘गेमर’ म्हणतात आणि खेळातल्या सवयी रस्त्यावर जीव घेतील असे बजावतात. स्पर्धक उलट विचारतात, ‘घड्याळाच्या एका ‘बीप’ने तुमचे हात थरथरतात, मग खऱ्या प्रसंगी काय करणार?’ पहिल्या बाजूची आवडती कथा कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉलची. 6 एप्रिल 1970 रोजी तिथे महामार्ग पोलीस दलाचे चार जवान मारले गेले. त्यांतल्या एकाच्या खिशात म्हणे रिकामी काडतुसे सापडली. सरावाच्या मैदानावर ती वेचून खिशात टाकण्याची सवय होती आणि जिवावर बेतले तेव्हाही हाताने तेच केले. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या वर्गांतून सांगितली गेली. पुढे कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा तिला आधार नसल्याचे दिसले. न्यूहॉलमधली दुसरी गोष्ट मात्र खरी आहे आणि ती कमी सांगितली जाते. रस्त्याने चाललेला एक माजी मरीन जवान मोटार थांबवून धावला, पडलेल्या पोलिसाला ओढून नेण्याचा त्याने प्रयत्न केला आणि त्याच्याच रिव्हॉल्व्हरने एका गुन्हेगाराला जखमी केले.

मैदानावरचा नेम रस्त्यावर टिकत नाही, याला दंतकथेपेक्षा भक्कम पुरावा आहे. रँड या संशोधन संस्थेने 2008 मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1998 ते 2006 या काळात दोन्ही बाजूंनी गोळ्या चालल्या तेव्हा पोलिसांच्या शंभरातल्या सरासरी 18 गोळ्या लागल्या. समोरून गोळी येत नव्हती तेव्हा 30. ऑगस्ट 2012 मध्ये एम्पायर स्टेट इमारतीबाहेर दोन पोलिसांनी एका खुन्यावर सोळा गोळ्या झाडल्या. खुनी मेला आणि पदपथावरचे नऊ जण पोलिसांच्याच गोळ्यांनी वा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. ही पगारी, गणवेशधारी, नियमित चाचणी देणाऱ्या माणसांची अवस्था. विहिरीत पोहायला शिकलेल्याने पुरात उडी घ्यावी, तसा हा प्रकार. ‘मी क्लबात दर रविवारी दहापैकी नऊ मारतो’ असे सांगणाऱ्या हौशी माणसाने हे आकडे पुन्हा वाचावेत.

तरीही ‘आमचा खेळ आहे, आमचा स्वसंरक्षणाशी संबंध नाही’ हे म्हणणे सरसकट फेटाळता येत नाही. ज्याची शॉटगन क्लबाच्या कपाटात कुलूपबंद असते, त्याच्यावर पाच दिवसांचा लढाऊ वर्ग लादणे हास्यास्पद ठरेल. पण असे लोक आता अल्पसंख्य आहेत. प्यू रिसर्च सेंटरच्या 2023 च्या पाहणीत 72 टक्के बंदूकधारकांनी संरक्षण हे बंदूक ठेवण्याचे प्रमुख कारण असल्याचे सांगितले. शिकार 32 टक्क्यांनी, नेमबाजीचा खेळ 30 टक्क्यांनी. एकाला अनेक कारणे देता येत होती. 1999 मध्ये मुख्य कारण एकच विचारले होते, तेव्हा 49 टक्के शिकार म्हणाले होते आणि 26 टक्के संरक्षण. प्रश्नाची रचना वेगळी असली तरी वारे कोणत्या दिशेने वाहते आहे ते स्पष्ट दिसते. करोनाकाळाने त्याला आणखी जोर दिला. जानेवारी 2019 ते एप्रिल 2021 या काळात सुमारे 75 लाख अमेरिकी प्रौढ प्रथमच बंदूकधारक झाले आणि त्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या, असा हार्वर्ड व नॉर्थईस्टर्न विद्यापीठांतल्या संशोधकांचा अंदाज आहे.

रविवारी खेळासाठी वापरलेले पिस्तूलच रात्री उशाच्या खणात जाते. हेतू खेळाचा असो वा रक्षणाचा, घरात बंदूक आली की घरच्यांच्या वाट्याला येणारा धोका तोच असतो.

आता दुसऱ्या तंबूत डोकावू. स्वसंरक्षणाचे शिक्षण देणारे सगळे भडकू असतात हा समज चुकीचा आहे. न्यू हॅम्पशायरचे पोलीस अधिकारी मसाद आयूब यांनी 1981 मध्ये ‘लीथल फोर्स इन्स्टिट्यूट’ काढली, तेव्हापासून त्यांचा भर कायद्यावर राहिला आहे. जीव घेण्याचा अधिकार नेमका कधी मिळतो, तो कधी संपतो, नंतर पोलिसांशी काय बोलावे, न्यायालयात काय होते, हे ते तासन्‌तास शिकवतात. कूपरचे शिष्यही बंदुकीआधी भान शिकवतात. आपण किती सावध आहोत हे पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल अशा चार रंगांनी ओळखायला लावतात.

पण या शाळांची दुसरी बाजू समाजशास्त्रज्ञांनी टिपली आहे. टेक्सास विद्यापीठाचे हॅरेल शपिरा यांनी असे अनेक वर्ग स्वतः केले. 2018 मध्ये समँथा सायमन यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवले, की बंदुकीची गरज ही माणूस वर्गात येताना सोबत आणतोच असे नाही. ती वर्गात घडवलीही जाते. प्रत्येक अनोळखी माणूस, पेट्रोलपंप आणि वाहनतळ संकटाच्या चष्म्यातून पाहायची सवय लागते. जेनिफर कार्लसन यांनी 2015 च्या ‘सिटिझन-प्रोटेक्टर्स’ या पुस्तकात मिशिगनमधल्या पिस्तूलधारकांचे चित्र रेखाटले आहे. त्यांच्यापैकी अनेकांना बंदूक बाळगणे हे नागरी कर्तव्य वाटते. कर्तव्याची ही भावना प्रामाणिक असू शकते. मात्र भीतीवर पोसलेला वर्ग जेव्हा परक्याच्या हल्ल्याची तालीम दहा वेळा करून घेतो आणि घरातल्या कुलपाचा विषय दहा मिनिटांत उरकतो, तेव्हा तो विद्यार्थ्याची फसवणूक करतो.

कारण मृत्यू येतात ते दुसऱ्याच दाराने. 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 46,728 माणसे गेली. त्यांतल्या सुमारे 27,300 आत्महत्या होत्या, म्हणजे शंभरातल्या 58. खून सुमारे 17,900. अपघाती मृत्यू पाचशेच्या आत. चार नियमांनी ज्या प्रकारचा मृत्यू टळतो तो आकड्यांत सर्वांत लहान आहे आणि झटपट पिस्तूल उपसल्याने टळेल असा मृत्यूही सर्वांत मोठा नाही. बंदुकीने केलेल्या दहांपैकी जवळपास नऊ आत्महत्येचे प्रयत्न प्राणघातक ठरतात. इतर बहुतेक मार्गांत वाचण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. 2015 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार जिथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलपाविना ठेवलेली आहे, अशा घरांत सुमारे 46 लाख मुले राहत होती.

मग प्रशिक्षणात हे येते का? वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 61 टक्के बंदूकधारकांनी काही ना काही औपचारिक प्रशिक्षण घेतल्याचे सांगितले. आत्महत्या-प्रतिबंधाचा विषय त्यात होता, असे सांगणारे सुमारे 15 टक्के. स्वतःकडे बंदूक नाही पण बंदूक असलेल्या घरात राहतात, अशांपैकी प्रशिक्षित केवळ 14 टक्के. राज्याने सांगितलेल्या किमान तासांपलीकडे स्वखुशीने शिकणारे तर शंभरात एकही निघत नाही, असा टेक्सासमधले अनुभवी प्रशिक्षक कार्ल रेन यांचा हिशेब आहे.

आणि ते किमान तासही आता आटत चालले आहेत. 2024 पर्यंत 29 राज्यांनी परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्यास मुभा दिली होती. टेक्सासने ती सप्टेंबर 2021 पासून दिली. तिथल्या ऐच्छिक परवान्याचा वर्ग चार ते सहा तासांचा आहे. दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्क. जून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रूएन’ खटल्यात त्या राज्याचा जुना परवाना कायदा रद्द केला. त्यावर राज्याने नवा कायदा आणून सोळा तासांचा वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबार सक्तीचा केला. त्या अभ्यासक्रमात सुरक्षित साठवण, वाद निवळवणे आणि आत्महत्येची लक्षणे ओळखणे हे विषयही आहेत. विषयांची निवड योग्य आहे. आक्षेप आहे तो खर्चावर. अठरा तासांचे शुल्क आणि बुडालेली मजुरी धनिकाला जाणवत नाही, रात्रपाळीच्या परिचारिकेला जाणवते.

हा आक्षेप निव्वळ पळवाट नाही. माँटगोमेरीतल्या घरावर बॉम्ब पडल्यावर 1956 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला होता आणि अलाबामाच्या अधिकाऱ्यांनी तो नाकारला होता. परवान्याच्या आड कोण कुणाला वगळतो, हे कृष्णवर्णीय अमेरिकनांना पाठ आहे. म्हणून प्रशिक्षणाची सक्ती करायची तर ते फुकट, जवळ आणि अधिकाऱ्याच्या मर्जीपासून मुक्त असायला हवे.

असे होऊ शकते, हे शिकाऱ्यांनीच दाखवले आहे. 1949 मध्ये न्यूयॉर्कने शिकारीच्या परवान्यासाठी सुरक्षेचे शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा बंदूकधारकांची सर्वांत मोठी संघटना ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ विरोधात उभी राहिली नाही, तिने शिकवायला हातभार लावला. पुढे राज्यामागून राज्य त्या वाटेने गेले. नारिंगी जाकिटांच्या जोडीने या वर्गांनी शिकारीतले अपघात खूप खाली आणले. शिकवणारे बहुतांशी स्वयंसेवक, शुल्क नाममात्र किंवा शून्य. पैसा येतो 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखालील करातून: लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर 11 टक्के, पिस्तुलांवर 10 टक्के.

बंदुकीच्या जगातून आत्महत्येचा विषयही पुढे आला आहे, तोही बाहेरच्यांनी उपदेश न करता. 2009 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका दुकानातून आठवड्याभराच्या आत तीन अनोळखी गिऱ्हाइकांनी बंदुका घेतल्या आणि काही तासांतच आत्महत्या केली. हादरलेल्या दुकानमालकाने सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना साथ दिली. त्यातून ‘गन शॉप प्रोजेक्ट’ उभा राहिला. गिऱ्हाईक खचलेले दिसले तर विक्री कशी टाळावी, मित्र संकटात असेल तर त्याची बंदूक काही दिवस दुसरीकडे कशी ठेवावी, याची पत्रके दुकानांत आणि रेंजवर लागली. पुढे अनेक राज्यांनी ही कल्पना उचलली.

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटली की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावे येतात आणि पॅरिसमध्ये 2024 ला 50 मीटर रायफलचे कांस्य जिंकणारा कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. इथे खेळाची बंदूक आणि घराची बंदूक यांत कायद्याची उंच भिंत आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही जोडले आहे. त्यामुळे अमेरिकेतला हा वाद दूरचा वाटेल. पण टेक्सास किंवा न्यू जर्सीत संसार थाटलेल्या मराठी आईबापांना तो रोजच्या जगण्यात भेटतो. मूल शेजारी खेळायला जाण्याआधी ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, असल्यास कुलपात आहे का?’ असे विचारावे, हा तिथल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. विचारताना अवघडल्यासारखे होते, तरी विचारलेच पाहिजे.

हौशी नेमबाजाकडून मागायचे ते एवढेच. पिस्तूल किती वेगाने उपसायचे, आडोसा कसा घ्यायचा, हे ज्याला हवे त्याने जरूर शिकावे. तो त्याचा खर्च आणि त्याची आवड. सक्ती असावी ती गोळी न झाडता शिकवायच्या दोन संध्याकाळच्या वर्गाची: बळ कधी वापरता येते आणि कधी नाही, गोळी झाडल्यावर पोलीस येतील तेव्हा हात कुठे असावेत, कुलूप आणि काडतुसे कशी ठेवावीत, घरातले कुणी खचले तर बंदूक कुणाकडे सोपवावी. घरातल्या बंदूक नसलेल्या जोडीदारालाही त्यात जागा असावी. क्लबांकडे खोल्या आहेत, स्वयंसेवक आहेत. पिस्तुलांवरच्या 10 टक्के कराचा काही हिस्सा नेमबाजाच्या शिक्षणासाठी वापरण्याची वहिवाटही जुनी आहे. त्या शिक्षणात हे चार विषय घालायला राज्यांच्या विधिमंडळांनी आणि क्लबांच्या कार्यकारिणींनी यापुढे कारणे सांगू नयेत.